कॅथलिक परिचारिकेने व्यावसायिक संघटनेची निवडणूक कशी लढवावी : संघटनेच्या निवडीपासून पदभारापर्यंत

वसई, मुंबई, गोवा आणि केरळ येथील कॅथलिक घरांतून मुली कित्येक पिढ्या परिचर्येच्या शिक्षणाला जात आल्या आहेत. वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, नर्सिंग स्कूलमध्ये त्या सगळीकडे दिसतात. संघटनेच्या कार्यकारिणीसाठी उमेदवारी अर्ज निघतात तेव्हा मात्र त्यांतल्या अनेक जणी मागे सरतात, हे मी वारंवार पाहिले आहे. पुढे पुढे करणे नम्रतेला शोभत नाही असे काहींना वाटते, काहींना परवानगीची शंका असते, तर काहींना सभेत धर्मावरून प्रश्न विचारले जातील याची धास्ती असते. यांपैकी पहिली अडचण खरी नाही. दुसरी कागदावर सुटते. तिसरीसाठी मात्र अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी तयारी करावी लागते, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच तयारीविषयी आहे.

आधी संघटना नीट ओळखावी

परिचारिकांशी संबंधित चार प्रकारच्या संस्था आहेत आणि बोलताना त्यांची सर्रास गल्लत होते. पहिली व्यावसायिक संघटना. भारतात ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’ ही त्यांतली सर्वांत जुनी आणि व्यापक. १९०५ मध्ये लखनऊ येथे नर्सिंग सुपरिंटेंडंटांची संघटना स्थापन झाली, तिच्यातूनच १९०८ मध्ये ही असोसिएशन उभी राहिली. १९१० पासून तिचे नियतकालिक निघू लागले आणि १९२९ मध्ये विद्यार्थिनींसाठी तिची स्वतंत्र शाखा सुरू झाली. तिच्या राज्य शाखा आहेत आणि पुष्कळ रुग्णालयांत स्थानिक युनिटही आहेत. दुसरी संस्था म्हणजे ‘कॅथलिक नर्सेस गिल्ड ऑफ इंडिया’, जी श्रद्धेच्या पायावर उभी आहे. अशा राष्ट्रीय संघटनांची आंतरराष्ट्रीय समिती १९२८ पासून काम करते. तिसरी कामगार संघटना, म्हणजे युनियन, जिचे मुख्य काम मालकाशी वाटाघाटी करणे हे असते. चौथी नर्सिंग कौन्सिल. ती संघटना नव्हे, तर परिचारिकांची नोंदणी करणारे, कायद्याने स्थापन झालेले मंडळ आहे. महाराष्ट्रात तिचा आधार १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम हा आहे.

हा फरक महत्त्वाचा, कारण प्रत्येक ठिकाणी कॅथलिक उमेदवाराची स्थिती निराळी असते. गिल्डमध्ये श्रद्धा हा सर्वांचा समान पाया असल्याने तिथे प्रश्न कार्यक्षमतेचा आणि वेळेचा असतो. असोसिएशनमध्ये मतदार सर्व धर्मांच्या असतात आणि उमेदवार सर्वांची प्रतिनिधी म्हणून उभी राहते. युनियनच्या बाबतीत धर्मभगिनींना, म्हणजे व्रत घेतलेल्या सिस्टरांना, चर्चच्या कायद्याची वेगळी अट लागू होते, तिचा विचार पुढे केला आहे.

माझ्या मते पहिली उमेदवारी स्वतःच्या रुग्णालयातील युनिटपासून किंवा जिल्हा पातळीपासून करावी, आणि तीही सहसचिव किंवा खजिनदार या पदासाठी. अध्यक्षपदाला मान असतो, परंतु संघटना कशी चालते हे सचिवाच्या टेबलावर आणि खजिनदाराच्या पावतीपुस्तकात कळते. एखाद्या परिषदेची नोंदणी सांभाळलेली, वर्गणी गोळा करून वेळेवर बँकेत भरलेली आणि इतिवृत्त लिहिलेले अशी परिचारिका जेव्हा अर्ज भरते, तेव्हा तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

परवानगी : कोणाला, कोणाकडून, कशी

धर्मभगिनींसाठी चर्चचा कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील (चर्चच्या कायद्याच्या संहितेतील) कलम ६७१ सांगते की व्रतस्थ व्यक्तीने आपल्या संस्थेबाहेरील कामे आणि पदे योग्य अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय स्वीकारू नयेत. म्हणून उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी प्रोव्हिन्शियलकडून, म्हणजे आपल्या संस्थेच्या प्रांतप्रमुखांकडून, लेखी संमती घ्यावी. कॉन्व्हेंटच्या सुपिरिअर (प्रमुख सिस्टर) जेवणाच्या टेबलावर ‘हो, उभ्या राहा’ म्हणाल्या, एवढ्यावर विसंबू नये. संमतीपत्रात पदाचे नाव, कार्यकाळ, महिन्यातून साधारण किती बैठका आणि बाहेरगावी मुक्कामाची शक्यता या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात. कामगार संघटनेच्या नेतृत्वाविषयी कलम २८७ अधिक कडक आहे आणि कलम ६७२ ते व्रतस्थांनाही लागू करते : चर्चच्या हक्कांचे रक्षण किंवा सार्वजनिक हित यांसाठी ते आवश्यक आहे असे सक्षम धर्माधिकाऱ्यांचे मत झाल्याशिवाय युनियनच्या संचालनात सक्रिय भाग घेता येत नाही. युनियनची साधी सभासद असणे आणि ती चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात ठेवावे.

पैशाचा मुद्दाही याच वेळी मिटवावा. कलम ६६८ नुसार धर्मभगिनीला कामापोटी मिळणारे मानधन तिच्या संस्थेचे होते. याउलट संघटनेने परिषदेच्या खर्चासाठी दिलेली उचल ही संघटनेची असते आणि तिचा हिशेब संघटनेलाच द्यायचा असतो. ती रक्कम एक दिवससुद्धा कॉन्व्हेंटच्या खात्यात जाऊ नये.

प्रापंचिक, म्हणजे धर्मभगिनी नसलेल्या, परिचारिकांना चर्चकडून अशी कोणतीही परवानगी लागत नाही. धर्मगुरूंना सांगावे, त्यांचा आशीर्वाद घ्यावा, पण तो आशीर्वाद असतो, मंजुरी नसते. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिका, परिसेविका किंवा पाठ्यनिर्देशिका यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ डोळ्यांसमोर ठेवून अधिसेविकेमार्फत (मेट्रनमार्फत) कार्यालयाला लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. खासगी रुग्णालयात नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात; ‘व्यवस्थापनाच्या संमतीशिवाय अन्य संस्थेत पद घेऊ नये’ असे कलम अनेक नेमणूकपत्रांत बारीक अक्षरांत असते.

कागद : अर्ज बाद होतो तो इथेच

उमेदवारीची तयारी निवडणुकीच्या निदान एक वर्ष आधी सुरू करावी, कारण बहुतेक संघटनांच्या घटनेत सभासदत्वाची किमान मुदत आणि थकबाकी नसण्याची अट असते. पहिले काम घटनेची प्रत मिळवणे आणि ती मुळापासून वाचणे. कोणत्या पदासाठी किती वर्षांचा अनुभव लागतो, सूचक आणि अनुमोदक कोणत्या युनिटचे असावेत, एका व्यक्तीला सलग किती वेळा उभे राहता येते, अर्ज मागे घेण्याची मुदत किती, मतदान प्रत्यक्ष की टपालाने, ही सर्व माहिती तिथे असते. ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये.

दुसरे काम नावाचे, आणि कॅथलिक परिचारिकांच्या बाबतीत ते विशेष काळजीचे आहे. धर्मभगिनीचे व्रतस्थ नाव, बाप्तिस्म्याचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव ही तीन वेगळी असू शकतात. कौन्सिलच्या नोंदणीत एक नाव, आधारवर दुसरे आणि संघटनेच्या सभासद यादीत फक्त ‘सिस्टर’ लावून तिसरे, अशी स्थिती असेल तर छाननीच्या दिवशी कोणीही हरकत घेऊ शकते आणि ती टिकूही शकते. विवाहित परिचारिकांच्या बाबतीत माहेरच्या आडनावाने झालेली नोंदणी हीच अडचण निर्माण करते. शिवाय वसईत एकाच गावात तेच नाव आणि तेच आडनाव असलेल्या दोघी-तिघी सहज सापडतात, म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव सर्व कागदांवर एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. नावातील बदलाची राजपत्रातील नोंद आणि कौन्सिलमधील दुरुस्ती यांना वेळ लागतो. ते काम निवडणूक जाहीर झाल्यावर होत नाही.

कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्याची मुदत उमेदवारीच्या काळात संपत तर नाही ना, हे पाहावे आणि संपत असल्यास आधीच नूतनीकरण करून घ्यावे. अर्जासोबत सभासदत्वाची पावती, नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला आणि परवानगीपत्र यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात; अर्ज सादर केल्यावर निवडणूक अधिकाऱ्याकडून तारीख आणि वेळ घातलेली पोच घ्यावी. सूचक आणि अनुमोदक आपल्याच धर्माच्या किंवा आपल्याच कॉन्व्हेंटच्या नसाव्यात असा माझा आग्रह आहे. नियम तसे म्हणत नाही, पण अर्जावरील त्या दोन सह्या मतदार बारकाईने वाचतात.

पहिला प्रश्न : सदसद्विवेक

असोसिएशनच्या निवडणुकीत कॅथलिक उमेदवाराला कधी ना कधी हा प्रश्न येतोच : गर्भपाताबाबत तुमची भूमिका काय, आणि ती तुम्ही आमच्यावर लादणार का? १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार ही सेवा देशात कायदेशीर आहे, हजारो परिचारिका ती देणाऱ्या विभागांत काम करतात, आणि त्याही मतदार आहेत. हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. ज्या व्यक्तीच्या हाती संघटनेचे पत्रशीर्ष जाणार आहे, तिला तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

उत्तर लपवाछपवीचे नसावे. गर्भपातात आपण स्वतः सहभागी होत नाही, हे एकदाच, शांतपणे आणि स्पष्ट सांगावे, आणि लगेच पदाधिकारी म्हणून आपण काय करू हे सांगावे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची २०२१ मधील सुधारित आचारसंहिता उपयोगी पडते. एखाद्या विशिष्ट उपचारप्रक्रियेत सहभागी होण्यास सदसद्विवेकाच्या आधारे नकार देण्याचा परिचारिकेचा हक्क ती मान्य करते, मात्र रुग्णाला तिच्या गरजेनुसार काळजी वेळेत आणि सन्मानाने मिळेल यासाठी परिचारिकेने साहाय्य केले पाहिजे, असेही ती बजावते. दोन्ही बाजू उमेदवाराने तोंडपाठ नव्हे, तर समजून घ्याव्यात. गर्भपातानंतर रक्तस्राव होऊन रात्री दोन वाजता आलेल्या स्त्रीची शुश्रूषा करायची की नाही, हा कॅथलिक परिचारिकेपुढे प्रश्नच नसतो. ती स्त्री रुग्ण आहे आणि तिची सेवा पूर्ण मनाने करायची असते. हे उदाहरण सभेत दिले तर पुष्कळ गैरसमज जागीच दूर होतात, कारण कॅथलिक परिचारिका अशा रुग्णाकडे पाठ फिरवते असा समज अनेकींच्या मनात असतो.

अध्यक्षस्थानी असताना अशा विषयावरील प्रशिक्षणाचा ठराव आला तर काय करायचे, याचाही निर्णय आधीच घ्यावा. सर्वांत स्वच्छ मार्ग असा, की त्या विषयापुरते आसन उपाध्यक्षांकडे सोपवावे, मतदानात भाग घेऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. विषयपत्रिकेवरून विषय गाळणे, फाइल अडवून ठेवणे किंवा गणपूर्ती मोडण्यासाठी उठून जाणे हे करू नये. त्याने सदसद्विवेकाचे रक्षण होत नाही, विश्वास मात्र जातो. दुसऱ्याच्या कृतीतील आपला सहभाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा नैतिक ईश्वरविज्ञानात बारकाईने विचार झालेला आहे. म्हणून या विषयातील जाणकार धर्मगुरूंशी, शक्य असल्यास दोघांशी, अर्ज भरण्यापूर्वी सविस्तर बोलून घ्यावे. निवडून आल्यानंतर पहिल्याच बैठकीत गोंधळणे हे उमेदवारालाही आणि संघटनेलाही त्रासाचे होते.

जीवनाच्या अखेरच्या काळजीविषयीही तयारी असावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निष्क्रिय इच्छामरणाला (जीव टिकवणारे उपचार थांबवण्याला) आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली. रुग्णाला केवळ भार ठरणारे, असाधारण उपचार थांबवणे आणि जाणूनबुजून जीव घेणे यांत कॅथलिक शिकवण फरक करते, पहिल्याला ती नकार देत नाही. हा फरक माहीत असलेली उमेदवार उपशामक काळजीवरील प्रशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेऊ शकते, आणि त्या विषयावर सर्व परिचारिका तिच्यासोबत येतात.

दुसरा प्रश्न : आपल्याच रुग्णालयांतील पगार

पहिल्या प्रश्नाची तयारी बहुतेक जणी करतात. दुसऱ्याची फारशी कोणी करत नाही, आणि मला तोच अधिक कठीण वाटतो : मिशनच्या रुग्णालयांत परिचारिकांना पगार कमी का, आणि त्याविरुद्ध तुम्ही बोलणार का?

इथे तपशील माहीत असावा लागतो. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशननेच केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा आणि कामाच्या परिस्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्या समितीच्या शिफारशींनुसार २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांइतके असावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते शासकीय वेतनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. या शिफारशी आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे. तरीही संघटनेची कोणतीही उमेदवार त्यांना बगल देऊ शकत नाही, कारण त्या तिच्याच संघटनेच्या याचिकेतून आलेल्या आहेत.

कॅथलिक उमेदवारासाठी याला आणखी एक आधार आहे, आणि तो तिने निःसंकोच वापरावा. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच न्याय्य वेतन हा कामगाराचा हक्क असल्याचे सांगितले. धर्मसंहितेचे कलम १२८६ चर्चच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांना कामगारविषयक कायदे काटेकोरपणे पाळण्यास आणि काम करणाऱ्यांना न्याय्य व पुरेसे वेतन देण्यास बांधते. म्हणजे मिशनच्या रुग्णालयात योग्य पगाराची मागणी करणारी परिचारिका चर्चच्या विरोधात जात नाही, ती चर्चचाच कायदा वाचून दाखवते. ‘आपली संस्था सेवाभावी आहे’ हे उत्तर धर्मभगिनीच्या तोंडी शोभेल, कारण तिने गरिबीचे व्रत घेतले आहे. घरी दोन मुले आणि म्हातारी सासू असलेल्या स्टाफ नर्सने ते घेतलेले नाही.

जी धर्मभगिनी स्वतः रुग्णालयाची प्रशासक किंवा अधिसेविका आहे, तिची स्थिती नाजूक असते. ती एकाच वेळी व्यवस्थापनही असते आणि परिचारिकांची प्रतिनिधी होऊ पाहत असते. अशा सिस्टरने वेतनासंबंधी पद किंवा समिती घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. शिक्षण, संशोधन, विद्यार्थिनींची शाखा, ग्रामीण आरोग्य अशी क्षेत्रे तिच्यासाठी खुली आहेत, आणि त्यांत धर्मभगिनींचा अनुभव मोठा आहे. १९४३ मध्ये गुंटूर येथे सिस्टर डॉ. मेरी ग्लोअरी यांच्या पुढाकाराने आज कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली, तीही विखुरलेली मिशन रुग्णालये आणि दवाखाने एकत्र आणण्याच्या गरजेतून.

निवेदन आणि प्रचार

निवेदन एका पानाचे असावे. त्यात नाव, नोंदणी, सध्याची नेमणूक, संघटनेत आतापर्यंत केलेले काम आणि निवडून आल्यास करावयाची तीन कामे एवढेच लिहावे. कामे अशी असावीत की ती झाली की नाही हे कार्यकाळाच्या शेवटी कोणीही तपासू शकेल. ‘परिचारिकांच्या सन्मानासाठी झटेन’ याचा हिशेब कसा मागणार? ‘नूतनीकरणासाठी लागणारे निरंतर शिक्षणाचे तास दर तिमाहीत जिल्ह्यातच उपलब्ध करून देईन’ याचा मागता येतो. आपण कॅथलिक आहोत हे मुद्दाम लिहू नये आणि लपवूही नये; गिल्डमध्ये केलेले काम असेल तर ते कामाच्या यादीत आपोआप येते.

प्रचार ड्युटीच्या वेळेत करू नये. हँडओव्हरच्या वेळी नर्सिंग स्टेशनवर घोळका जमवणे, औषधांच्या ट्रॉलीवर पत्रके ठेवणे, इन्चार्जमार्फत ‘सिस्टरांनी सांगितले आहे’ असा निरोप पाठवणे हे सर्व टाळावे. विशेषतः जिच्या हाती रोस्टर असते तिने तर आपल्या हाताखालच्या परिचारिकांकडे मत मागूच नये, कारण नाईट कोणाला लागणार हे जी ठरवते तिला नाही म्हणणे कोणालाही सोपे नसते. टपाली मतदान असेल तर भरलेल्या मतपत्रिका एकत्र गोळा करून पाठवण्याची सोय, ती कितीही चांगल्या हेतूने केली तरी, करू नये. भेटण्यासाठी ड्युटी संपल्यानंतरची वेळ, हॉस्टेलची कॉमन रूम किंवा रुग्णालयाबाहेरची जागा निवडावी.

धर्मग्रामाबद्दलही (पॅरिशबद्दलही) हेच. मिस्सानंतरच्या (चर्चमधील उपासनेनंतरच्या) घोषणांत ‘आपल्या अमुक ताईंना मत द्या’ असे सांगू नये, फादरांनी आपणहून विचारले तरी नम्रपणे नकार द्यावा. त्या घोषणेने मिळणारी मते थोडीच असतात, आणि ती दुसऱ्या दिवशी वॉर्डात कळली की इतर मतदारांच्या मनात ‘ही त्यांची उमेदवार’ हे पक्के होते. मुंबईच्या रुग्णालयांत मल्याळी, गोवेकर आणि वसईकर कॅथलिक परिचारिका एकत्र काम करतात. त्यांच्या भाषांवरून गट पाडणेही तितकेच घातक ठरते. सभेत मराठी आणि हिंदी दोन्हींत बोलण्याची तयारी ठेवावी.

मतदानाच्या आधी मतदार यादीची प्रत घेऊन आपल्या युनिटची नावे तपासावीत. मतमोजणीला आपली प्रतिनिधी नेमावी, हरकत असल्यास ती त्याच दिवशी लेखी द्यावी, आणि निकालाची सही असलेली प्रत घ्यावी.

निवडून आल्यानंतरचे पहिले तीन महिने

मावळत्या कार्यकारिणीकडून पदभार यादी करून घ्यावा : इतिवृत्तपुस्तक, सभासद नोंदवही, पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक, लेखापरीक्षण अहवाल, शिक्के. प्रत्येक वस्तूपुढे देणारीची आणि घेणारीची सही हवी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने पदाधिकारी बदलल्याचा बदल अहवाल, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करायचा असतो. तो राहिला तर बँकेतील सह्या बदलताना आणि पुढे प्रत्येक व्यवहारात अडचणी येतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्थांना वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. राज्य शाखेने हे केले आहे की मुख्यालय करते, याची पहिल्याच बैठकीत लेखी खातरजमा करावी.

बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून अधिसेविकेला द्याव्यात, म्हणजे ऑफ त्याप्रमाणे लावता येतात आणि सहकाऱ्यांवर आयत्या वेळी डबल ड्युटीचा भार पडत नाही. रविवारी बैठक असल्यास ती मिस्सानंतर ठेवण्याची विनंती करता येते. मात्र इतर धर्मांच्या सभासदांच्या सणांसाठीही तशीच सवलत स्वतःहून द्यावी.

धर्मभगिनींनी बदलीची तरतूद पहिल्याच महिन्यात करून ठेवावी. कार्यकाळ अर्धा झालेला असताना प्रोव्हिन्शियल दुसऱ्या राज्यात पाठवू शकतात आणि सिस्टर जातात, हे सर्वांना माहीत असते. म्हणून सहसचिवाला प्रत्येक फाइलची ओळख सुरुवातीपासून करून द्यावी, बँकेत एकटीची सही ठेवू नये, आणि बदलीचे पत्र हाती येताच तोंडी निरोप न देता अध्यक्षांच्या नावे लेखी राजीनामा, हिशेबाचे विवरण आणि फाइलींची यादी द्यावी, म्हणजे घटनेनुसार रिक्त पद भरण्याचा ठराव पुढच्याच बैठकीत घेता येतो.